ऊब सगळ्यांची, नफा कुणाचाच नाही

माझी सगळी नोकरी वाफेत गेली. सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात बॉयलरवर लागलो आणि चीफ इंजिनिअर होऊन निवृत्त झालो. त्यामुळे कोपनहेगनला लेकीकडे गेलो की घरची मंडळी जलपरीचा पुतळा बघायला निघतात आणि मी लेकीच्या इमारतीच्या तळघराची किल्ली मागतो. या शहराची खरी करामत जमिनीखाली आहे. कोपनहेगनमधल्या जवळजवळ सगळ्या, म्हणजे ९८ टक्के घरांना ऊब मिळते ती रस्त्याखालून फिरणाऱ्या गरम पाण्याच्या जाळ्यातून. घरोघरी बॉयलर नाही, तेलाची टाकी नाही, धुराडं नाही. आता त्याच शहरात थंड पाण्याचं दुसरं जाळंही वाढतंय. हॉटेलं, बँका, मोठी दुकानं त्यावर गार होतात.

यातलं तंत्र अवघड नाही. आमच्या कारखान्यातल्या कुठल्याही जुन्या फिटरला ते चहा संपेपर्यंत कळेल. अवघड होतं ते वेगळंच. शेजारशेजारच्या नगरपालिका, वीज कंपन्या, कचरा जाळणारे प्रकल्प आणि लाखो ग्राहक यांना एका हिशेबात बसवायचं होतं. ते त्यांनी कसं बसवलं, हे सहकारात हयात गेलेल्या माणसाने बघून सांगावं, म्हणून हा लेख.

तळघरातला हिशेब

लेकीची इमारत आमागर भागात आहे. जुनी, विटांची, पाच मजली. मालकी आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेसारखी, म्हणजे घर विकत न घेता संस्थेचा हिस्सा घ्यायचा. तळघरात भिंतीलगत माणसाच्या उंचीचं एक यंत्र आहे. रस्त्यातून दोन जाड पाईप त्यात येतात, एकातून गरम पाणी आत आणि दुसऱ्यातून परत. मध्ये पोलादी प्लेटांची चळत. प्लेटांच्या एका बाजूने शहराचं पाणी जातं, दुसऱ्या बाजूने इमारतीचं. उष्णता इकडून तिकडे जाते, पाणी मात्र एकमेकांत मिसळत नाही. ज्यूस हीटरवर काम केलेल्या माणसाला यात नवं काही नाही.

मला नवा होता तो मीटर. तो तीन गोष्टी मोजतो: किती पाणी आलं, किती तापमानाला आलं आणि किती तापमानाला परत गेलं. पाणी विकलं जात नाही, ते सगळं परत जातं. विकली जाते फक्त मधल्या फरकाची उष्णता. गोम पुढे आहे. परत जाणारं पाणी पुरेसं निवलेलं नसेल तर इमारतीला जादा आकार पडतो. कारण सरळ आहे. पाणी गरम परत आलं, तर तेवढीच उष्णता पोचवायला जास्त पाणी पंपावं लागतं, पाईप अपुरे पडतात आणि तिकडे प्रकल्पाचीही कार्यक्षमता घसरते.

म्हणून संस्थेने जिन्यात सूचना लावली आहे की एकच रेडिएटर पूर्ण सोडू नका, खोलीतले सगळे थोडेथोडे सोडा. संस्थेच्या अध्यक्ष बाई निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांनी माझा हात धरून रेडिएटरला वर लावला, मग खाली लावला. वर चटका बसेल असं, खाली जेमतेम कोमट. "असं असलं की सगळं ठीक," त्या म्हणाल्या. आपल्या सोसायटीत जी वादावादी टाकीच्या पाण्यावरून होते, ती इथे रेडिएटरच्या खालच्या टोकावरून होते. प्रत्येक रेडिएटरवर एक छोटं मोजणी यंत्र आहे, त्यावरून वर्षाचं बिल घरोघरी वाटलं जातं. एका ग्राहकाचा आळस सगळ्यांच्या खर्चात दिसतो आणि दर असा बांधलाय की तो आळस त्यालाच परवडू नये.

टाकून दिलेली उष्णता

ही उष्णता येते कुठून? गळीत हंगामात आमचा बॉयलर बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर चालायचा. वाफ टर्बाइनमधून जायची, वीज व्हायची आणि दाब गमावलेली एक्झॉस्ट वाफ रस आटवायला जायची. इंधनातलं फारच थोडं वाया जायचं. हंगाम संपला आणि शिलकी बगॅसवर नुसती वीज करायची वेळ आली, की तीच वाफ कंडेन्सरमध्ये निववावी लागे. उष्णता कूलिंग टॉवरवरून आभाळात. कोराडीला किंवा चंद्रपूरला बारा महिने हेच चालतं. कोळशातली निम्म्याहून जास्त उष्णता अशी जाते. यात कुणाचा निष्काळजीपणा नाही. वाफेवर वीज करायची तर उष्णतेचा मोठा वाटा सोडावाच लागतो, हा निसर्गाचा नियम आहे. सोडलेली उष्णता घ्यायला शेजारी कुणी आहे का, एवढाच प्रश्न असतो. आमच्याकडे रस होता. त्यांच्याकडे थंडीत कुडकुडणारं शहर आहे.

डेन्मार्कमध्ये याची सुरुवात १९०३ साली फ्रेडरिक्सबर्गला झाली. तिथे कचरा टाकायला जागा उरली नव्हती, म्हणून तो जाळायचा कारखाना काढला आणि त्यातली उष्णता जवळच्या रुग्णालयाला दिली. १९२० च्या दशकात कोपनहेगनच्या वीजकेंद्रांतून वाफ आणि गरम पाणी आसपासच्या इमारतींना जाऊ लागलं. तरी पुढची पन्नास वर्षं बहुतेक घरं स्वतःच्याच बॉयलरवर होती. तेल स्वस्त होतं, मग रस्ते खोदायची उठाठेव कोण करणार?

तेल महागल्यावर सुचलेलं शहाणपण

१९७३ च्या तेलसंकटाने हे गणितच उलटवलं. त्या वेळी डेन्मार्कची ९० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा आयात तेलावर होती. रविवारी मोटारी चालवायला बंदी आली, लोक रिकाम्या हमरस्त्यांवरून सायकली घेऊन फिरले. त्यातून १९७९ साली उष्णतापुरवठ्याचा कायदा झाला. माझ्या मते या कहाणीतलं सर्वांत महत्त्वाचं यंत्र म्हणजे हा कायदा.

त्यातल्या दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, प्रत्येक नगरपालिकेने आपल्या हद्दीचा उष्णतेचा आराखडा करायचा. कुठल्या भागात गरम पाण्याचं जाळं आणि कुठल्या भागात उत्तर समुद्रातला नैसर्गिक वायू, हे ठरवून टाकायचं. एकाच गल्लीत दोन्हींचे पाईप नकोत. दुसरी, उष्णता विकून नफा कमवायचा नाही. इंधन, देखभाल, कर्जाचे हप्ते असा रास्त खर्च तेवढा दरात धरायचा, शिल्लक पडली तर ती पुढच्या दरात ग्राहकाला परत द्यायची. पुढे १९८२ पासून आराखड्यातल्या इमारतींना जाळ्याला जोडून घ्यायची सक्ती करण्याचा अधिकारही नगरपालिकांना मिळाला.

नफाबंदी आणि सक्ती एकमेकींना धरून आहेत. पाईप पुरायला सगळा पैसा आधी लागतो आणि तो फिटायला तीस-चाळीस वर्षं जातात. ग्राहक नक्की येणार असतील तरच बँक स्वस्तात कर्ज देते. पण ग्राहकाला एकाच दुकानात बांधून ठेवायचं आणि दुकानदाराला मनमानी नफा घेऊ द्यायचा, हे कोण मान्य करेल? म्हणून सक्ती केली आणि नफ्यावर बंदी घातली. कर्जाला नगरपालिका जामीन राहिल्या आणि त्यांचीच सामाईक पतसंस्था असलेल्या कोमुनेक्रेडिटकडून कमी व्याजाने पैसा उभा राहिला.

तरी अडचण होतीच. वीजकेंद्रं एकीकडे, कचरा दुसऱ्याच्या हद्दीत, ग्राहक तिसऱ्याच्या. फ्रेडरिक्सबर्ग ही स्वतंत्र नगरपालिका, पण चारही बाजूंनी कोपनहेगनने वेढलेली. एकट्याने करून कुणाचंच भागत नव्हतं. १९८४ साली कोपनहेगन, फ्रेडरिक्सबर्ग, गेन्टोफ्ते, ग्लाडसाक्से आणि टॉर्न्बी या पाच नगरपालिकांनी सीटीआर ही सामाईक कंपनी काढली. पश्चिमेकडच्या उपनगरांनी त्याच सुमारास वेक्स ही दुसरी काढली. या दोघींचं काम घाऊक व्यापाऱ्याचं. वीजकेंद्रांकडून आणि कचरा प्रकल्पांकडून उष्णता घ्यायची, मोठ्या पाईपांतून वाहून न्यायची आणि गावोगावच्या वितरण संस्थांना विकायची. दोघींच्या मिळून मुख्य वाहिन्या सुमारे १६० किलोमीटरच्या आहेत.

सीटीआरने पाचही नगरपालिकांना एकच दर लावला. प्रकल्पाला खेटून असलेल्यालाही तोच आणि लांबच्यालाही तोच. सगळी उष्णता एका खात्यात, सरासरी एक भाव. हे वाचून आपल्या ऊस उत्पादकाला ओळखीचं वाटेल. आमच्याकडे तोडणी-वाहतुकीचा खर्च सरासरीने कापतात, त्यामुळे कारखान्याच्या दारातल्या सभासदाला आणि लांबच्या गावच्या सभासदाला उसाचा एकच दर पडतो. दारातला सभासद दरवर्षी कुरकुरतो, पण लांबचा ऊस आला नाही तर कारखाना चालत नाही, हे त्यालाही ठाऊक असतं.

रोजचा सौदा

भागीदारीचा खरा कस रोज लागतो. उद्या कुणाचा बॉयलर चालवायचा आणि कुणाचा बंद ठेवायचा? वीजकेंद्राला वीज विकून पैसे मिळतात, त्यामुळे त्याचं लक्ष विजेच्या बाजारभावावर. उष्णता घेणाऱ्याचं लक्ष आपल्या खर्चावर. हा तिढा सोडवायला २००८ पासून वार्मेलास्ट नावाची सामाईक व्यवस्था आहे. सीटीआर, वेक्स आणि कोपनहेगन महापालिकेची होफोर ही कंपनी यांनी ती मिळून चालवली आहे. उद्याची थंडी किती, विजेचा भाव काय, कुठल्या केंद्राची उष्णता किती पैशांत, हे मांडून रोज वेळापत्रक ठरतं. आधी कचरा, कारण तो साठवून ठेवता येत नाही. मग लाकडाचे बारीक तुकडे आणि गोळ्या जाळणारी वीजकेंद्रं. कडाक्याची थंडी पडली किंवा काही बिघडलं, तरच गॅस आणि तेलाचे राखीव बॉयलर.

उष्णता साठवायची सोयही आहे. होये टॉस्ट्रुप या उपनगरात वेक्स आणि तिथल्या स्थानिक वितरण संस्थेने मिळून ७० हजार घनमीटरचा खड्डा केला आहे. तो बघून मला आटपाडी-जतकडची शेततळी आठवली. तसाच उतार, तसाच प्लॅस्टिकचा कागद, फक्त पाणी ९० अंशांपर्यंत तापलेलं आणि वर तरंगतं जाड झाकण. वारा जोरात असला की वीज स्वस्त होते, अशा वेळी वीजकेंद्रं मंद ठेवून या साठ्यातली उष्णता वापरता येते.

एका दुपारी आमागरलाच रस्ता खोदलेला दिसला आणि मी कठड्याला टेकून उभा राहिलो. पाईप आतून पोलादाचा, भोवती पिवळसर फेसाचं आवरण, बाहेरून काळं जाड प्लॅस्टिक. फेसातून तांब्याच्या दोन तारा बाहेर आलेल्या. जोडणारा मुलगा वेल्डिंग झाल्यावर आधी त्या तारा एकमेकींना जोडत होता, मग सांध्यावर आवरण चढवत होता. कुठे पाणी झिरपलं, फेस ओला झाला, की तारेवरून कचेरीत कळतं की गळती कितव्या मीटरवर आहे. रस्ता नेमका तिथेच उघडायचा. आपल्याकडच्या पाणीपुरवठा खात्यातल्या माणसांनी हे एकदा बघावं.

जुन्या शहरातलं वाफेचं जाळं मात्र त्यांनी टप्प्याटप्प्याने काढून टाकलं आणि तिथेही गरम पाणी आणलं. वाफेच्या माणसाला जरा वाईट वाटलं, पण कारण पटण्यासारखं होतं. वाफ पाठवायची तर टर्बाइनमधून चढ्या दाबाची वाफ काढावी लागते, तेवढी वीज बुडते. पाण्याला उतरत्या दाबाची, जवळजवळ दमलेली वाफ पुरते.

थंडाव्याचा धंदा

थंड पाण्याचं जाळं होफोरने २०१० च्या सुमारास सुरू केलं. बंदराचं पाणी आत घ्यायचं, हिवाळ्यात त्याच गारव्यावर काम भागवायचं आणि उन्हाळ्यात मोठे चिलर लावायचे. साधारण ६ अंशांचं पाणी मध्यवस्तीतल्या इमारतींना जातं. गच्चीवर स्वतःची यंत्रं लावण्यापेक्षा यात कार्बन सुमारे ७० टक्के कमी, असं कंपनी सांगते.

इथे कायद्याने वेगळी भूमिका घेतली. घराची ऊब ही गरज, म्हणून तिच्यावर नफा नाही. दुकानाचा थंडावा ही सोय. महापालिकेने त्यात उतरायचं तर वेगळी कंपनी काढून, व्यापारी हिशेबाने. गरम पाण्याच्या ग्राहकाच्या पैशातून बँकेचा एसी चालू नये, हा त्यामागचा विचार. ही सीमारेषा मला फार आवडली.

सगळंच आलबेल नाही

आमागर बाके हा कचऱ्याचा नवा प्रकल्प २०१७ साली सुरू झाला. त्याच्या छपरावर स्कीइंगचा उतार आहे, तो २०१९ मध्ये खुला झाला. पाच नगरपालिकांच्या मालकीचा, वास्तुरचना ब्यार्क इंगेल्स यांच्या कार्यालयाची, जगभर फोटो छापून आलेला. पण तो गरजेपेक्षा मोठा बांधला अशी टीका आधीपासून होती, आणि भट्टी भरायला परदेशातून कचरा आणावा लागला. कचरा कमी करायचं धोरण आणि कचऱ्यावर चालणारी भट्टी, या दोघांचं जमणं कठीण. वीजकेंद्रांतला कोळसा गेला, पण त्याच्या जागी आलेलं लाकूड बरंचसं आयात केलेलं आहे आणि जंगलाचं काय, हा प्रश्न तिथले पर्यावरणवादी विचारतात. २०२५ पर्यंत कार्बनमुक्त होणारं पहिलं राजधानीचं शहर व्हायचं, असं कोपनहेगनने जाहीर केलं होतं. आमागर बाकेच्या धुरातला कार्बन पकडण्याच्या योजनेला सरकारी पैसा मिळेना, तेव्हा २०२२ मध्ये ते उद्दिष्ट सोडून द्यावं लागलं. नव्या जोडणीची सक्ती करायचा नगरपालिकांचा अधिकारही अलीकडे काढून घेतला गेला. आता ग्राहकाला स्वतःचा हीट पंप लावायचा पर्याय असतो, त्यामुळे संस्थांना दर राखूनच टिकावं लागतं. भागीदारी केली म्हणजे निर्णय आपोआप बरोबर येतात असं नाही. चुकले तर तोटा सगळे मिळून सोसतात, इतकंच.

आपल्या कामाचं काय?

आपल्याला ऊब नको, थंडावा हवा. मुंबईचा समुद्र बारा महिने कोमट, त्यामुळे कोपनहेगनसारखा पाण्यातला फुकटचा गारवा आपल्याला मिळणार नाही. पण एकत्र थंडावा करायचे बाकीचे फायदे इथेही लागू आहेत. कार्यालयाला दुपारी गारवा लागतो, घराला रात्री, मॉलला संध्याकाळी. सगळ्यांची कमाल मागणी एकाच वेळी येत नाही, म्हणून सामाईक यंत्र सगळ्यांच्या स्वतंत्र यंत्रांच्या बेरजेपेक्षा बरंच लहान चालतं. वीज स्वस्त असेल त्या वेळी पाणी गार करून टाकीत ठेवता येतं. कूलिंग टॉवरला सांडपाण्याचं शुद्ध केलेलं पाणी चालतं.

गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत अशी व्यवस्था चालू आहे, देशातली पहिली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने काही वर्षांपूर्वी भारतातली पाच शहरं यासाठी तपासली होती, त्यांत पुणे आणि ठाणे ही आपली दोन होती. केंद्र सरकारच्या २०१९ च्या थंडावा कृती आराखड्याप्रमाणे २०३७-३८ पर्यंत देशाची थंडाव्याची मागणी २०१७-१८ च्या आठपट होणार आहे. ही मागणी एकेका खिडकीबाहेर एकेक डबा टांगून भागवायची, की वस्तीगणिक एक यंत्र लावून, हे ठरवायची वेळ आत्ताच आहे. एकदा भिंतीला डबे लागले, की रस्ता खोदून पाईप टाका म्हणायला कुणी उरत नाही. तेलाच्या स्वस्ताईत कोपनहेगननेही तोच उशीर केला होता.

सुरुवात छोटी आणि खात्रीच्या ग्राहकापासून व्हावी. एखादं मोठं रुग्णालय, सरकारी कचेऱ्या, आयटी पार्क. जाळ्याची मालकी पालिकेची किंवा ग्राहकांच्या संस्थेची असावी. यंत्र चालवायला खाजगी कंपनी बोलवा, तिचा मोबदला ठरवून द्या, पण दर ठरवायची चावी तिच्या हाती देऊ नका. घरगुती ग्राहकाच्या दरात फक्त खर्च धरला जाईल, हे करारात आधी लिहा. आपल्याला हे जमणार नाही असं मला वाटत नाही. शेकडो गावांचा ऊस एका गव्हाणीत आणणारा हा प्रदेश आहे. आपल्याकडे अडतं ते दर ठरवताना आणि हिशेब उघडा ठेवताना, आणि या योजनेत तिथेच अडून चालणार नाही.

ठाण्यात समूह विकासाची कामं निघाली आहेत, पुण्यात आणि मुंबईत गल्लोगल्ली पुनर्विकास चालू आहे. तुमच्या सोसायटीचा आराखडा पुढ्यात येईल तेव्हा बिल्डरला पार्किंग आणि कार्पेट एरियाबरोबर हेही विचारा: शेजारच्या चार इमारतींना मिळून थंडाव्याचं एकच यंत्र का नको, आणि त्याचे पाईप टाकायला पायाखाली जागा सोडली आहे का? पाया भरायच्या आधी हा प्रश्न विचारायला काही पैसे पडत नाहीत. नंतर मात्र पडतात.